खुडूक बसलेल्या फ्रीजचा राखणदार

“खुडूक कोंबडीला कुनी कदी बटनं दाबलीती का? आन् आता ह्यो डबा सांगनार, अंड्याला किती ऊब लागती ते!”

हे शब्द माझ्यापासून वीतभर अंतरावर बोलले गेले. बोलणाऱ्या बयाबाईंच्या हातात ओलं फडकं होतं आणि त्या माझ्याच तोंडावरची धूळ पुसत होत्या. मित्रांनो, पुसता पुसता शिव्या घालणारी माणसं वाईट नसतात, एवढं मला या घरात राहून कळलं आहे. तरी त्या दिवशी मी आतून कापत होतो. मला कापता येत नाही म्हणा. माझ्या तोंडावरचा लाल आकडा तेवढा शेवटच्या घरात वरखाली होतो. तेच माझं कापणं समजा.

मी एक जुना टेंपरेचर कंट्रोलर आहे, म्हणजे गरम-गार राखणारा डबा. अंगानं जोडसाबणाएवढा. पुढे आकडे आणि चार बटणं, मागे एक लांब काळी वायर, आणि त्या वायरीला करंगळीच्या पेराएवढं लोखंडी टोक. माझं सारं जग त्या टोकाएवढं आहे. टोकाला जे लागेल तेच खरं, असं मला शिकवलेलं. मला ऐकू येतं, दिसतं सगळं, पण त्यावर मला वागता येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातली सगळी भीती तिथूनच येते.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीटसं आठवत नाही. एका लांब टेबलावर आम्ही पुष्कळ भावंडं ओळीनं पडलो होतो आणि एक बाई प्रत्येकाचं टोक आधी बर्फात, मग कोमट पाण्यात बुडवून पाहत होती. ज्याला फरक कळला तो पास. जन्मल्या जन्मल्या परीक्षा! नापासांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

पहिली नोकरी गुलाबांकडे. मावळात पॉलिहाऊसचे गुलाब पिकतात, त्यांच्या गारखोलीच्या भिंतीवर मला बसवलं आणि सांगितलं, चार अंश राख. राखले. फेब्रुवारीत फुलांची घाई असायची. माणसं आतबाहेर पळायची, दार सताड उघडं राहायचं, आकडा चढायचा आणि सुपरवायझर माझ्यावर ओरडायचा. दार उघडं ठेवणाऱ्याला कुणी काही म्हणत नसे. तरी एकदा पाहुण्यांसमोर त्यानं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, “हा आहे म्हणून फुलं आहेत.” ते वाक्य मी बरीच वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. मग मोबाईलवर आकडे पाठवणारं नवं यंत्र आलं आणि मी उचकटला जाऊन सोमाटणे फाट्याच्या भंगारात पडलो. अंगावर मोटारीचे सुटे भाग, शेजारी फुटका मिक्सर. वायरीला करंट नसला की मला काही कळत नाही. त्या न कळण्यालाच मी सर्वांत जास्त भितो.

तिथून मला उचललं तेजलनं. तेजल म्हणजे बयाबाईंची सून. कान्ह्याला रेल्वेच्या फाटकापलीकडे त्यांचं घर आहे. नवरा आकाश तळेगावच्या एका कंपनीत पाळ्या करतो. तेजलच्या डोक्यात आलं होतं की पडवीत जो बिघडलेला फ्रीज भांडी ठेवायला वापरतात, त्यात अंडी उबवायची. म्हणजे थंड करायचं कपाट गरम करायचं. लोक हसले. ती मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ पाहून शिकत होती. मधेच रेंज जायची, मग ती पडवीतून अंगणात, अंगणातून बांधावर, असं शिक्षण चालायचं.

तिनं मला फ्रीजच्या दारावर बसवलं. माझं टोक भोकातून आत सोडलं. गरमच्या बाजूला दोन बल्ब जोडले, गारच्या बाजूला जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा. बटण चालू केलं. आता मला काय ठाऊक, नोकरी बदलली! माझ्या पोटात अजून गुलाबांचे चार अंश होते आणि टोकाला लागले सव्वीस. बाप रे, फुलं होरपळली, असं वाटून मी जीव खाऊन पंखा सोडला.

“बलब का लागंना ग?” बयाबाईंनी विचारलं.

तेजल माझ्याकडे वाकून पाहत राहिली. मग हसली. सासूला ती आत्या म्हणते. “आत्या, हा अजून गुलाबांच्याच घरी आहे. माहेर विसरला नाही अजून.”

माझं एक बारीक बटण दाबून धरलं की आकडा मिणमिणायला लागतो आणि मी प्रश्न विचारतो. शब्द नसतात, नुसत्या खुणा. त्या खुणांचा अर्थ लावता लावता तिची दुपार गेली. किती अंश राखू, हा पहिला प्रश्न. चारवरून साडेसदतीसपर्यंत येताना तिचं बोट दुखलं. त्यापुढचा प्रश्न अवघड होता: किती ढळलं तर चालेल? गुलाबांना दोन अंश इकडेतिकडे चालायचे. तिनं अर्धाच ठेवला. “अर्धा?” आकाश म्हणाला, “एवढं काटेकोर तर आमच्या कंपनीत पण नाय.” शेवटी तिनं घरातलं ताप मोजायचं थर्मामीटर माझ्या टोकाशेजारी ठेवलं. मी थोडा चढा बोलत होतो. ते खोटेपण तिनं बटण दाबून माझ्यातून काढून टाकलं आणि म्हणाली, “आता खरं बोलायचं हं.”

मित्रांनो, तेव्हापासून मी खरंच बोलतो आहे. पण खरं बोलणं आणि बरोबर करणं यात अंतर असतं, ते ऐका.

पहिल्या खेपेला घरचीच अंडी ठेवली. पिल्लं निघाली, पडवीभर चिवचिवाट झाला, फाटकावरची माणसंसुद्धा पाहून गेली. बयाबाईंनी माझ्या माथ्यावर टिचकी मारली. “गुनाचा हाय, पर कोंबडीवानी मायेचा न्हाई.” मी ते कौतुकातच धरलं.

ही वार्ता डोंगरावरच्या ठाकरवाडीत गेली आणि एक दिवस चिमाबाई खाली आली. बयाबाईंच्याच वयाची, काटक. भात लावायला आणि काढायला दोघी वर्षानुवर्षं एका बांधावर वाकलेल्या. तिनं पदर सोडला. आत भाताच्या तुसात गुंडाळलेली अंडी होती.

“मानमोडी आली न् समदी कोंबडी माना टाकून मेली,” ती म्हणाली. “तीन ऱ्हायल्या न् येक कोंबडा. काळं बेनं हाय, माज्या सासूच्या वक्तापासनं. आता येक बी खुडूक बसंना. भेल्यात बिचाऱ्या. ह्ये गेलं तर वाडीत काळी कोंबडी सपली.”

“मी देते पिल्लं तुम्हाला, चिमामावशी,” तेजल म्हणाली. “शब्द.”

तिनं प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची खूण केली, म्हणजे रोज अंडी उलटून फिरवताना बाजू चुकायला नको. आत पाण्याची वाटी ठेवली. आणि माझ्या आकड्याकडे असं पाहिलं की मला माझ्या कामाची धास्ती बसली. गुलाब सुकले तर दुसरे उमलतात. हे बेणं गेलं तर गेलं.

लाईट गेली की मी विझायचो, आणि परत पेटताना पहिला प्रश्न मनात यायचा, किती वेळ गेला? तेजल गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवून बसलेली असायची. आकडा फारसा उतरलेला नसायचा. सुटलो, असं वाटायचं. असे दिवस जात नवरात्र आलं. अंडी निम्म्याच्या पुढे गेली होती.

खंडेनवमीला मावळात घरोघर हत्यारांची पूजा होते, तुम्हाला माहीतच आहे. वर्षभर राबलेलं लोखंड त्या दिवशी पाटावर बसतं. आकाश कंपनीतल्या मशीनच्या पूजेला गेला होता, तेजल दसऱ्याच्या बाजाराला कामशेतला. बयाबाईंनी पडवी सारवली आणि माझ्या पुढ्यातच पाट मांडला. विळा, कोयता, खुरपं, पहार, आकाशचा जुना पाना, तेजलची कात्री. परसातल्या झेंडूची एकेक माळ प्रत्येकाला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तू बी राबतोस की रं. तुला कसा सोडू?”

इतकं मायेनं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, पण मी स्क्रूनं घट्ट होतो. मग त्यांचा हात मागे, भोकाकडे गेला.

“डोस्कं यीना तर न्हाई. शेपूट तर यील?”

नका, बयाबाई! मी ओरडलो. म्हणजे माझा आकडा थरथरला. त्यांनी वायर हळूच ओढली, टोक बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं. टोकाला गार लागलं. सदतीस गेले, तीस गेले, पंचवीस आले. अंडी आत उबेत आहेत हे मला ठाऊक होतं, पण टोक म्हणत होतं गार, आणि मी टोकाचा नोकर. मी दोन्ही बल्ब पेटवले. त्यांनी टोकाला हळद लावली, कुंकू लावलं, पानाचा विडा ठेवतात तसं ते ताटात ठेवलं, आणि निरांजन शेजारी सरकवलं.

“घाबरू नगं,” त्या म्हणाल्या. “आज तुला सुट्टी.”

मग ऊब चढू लागली. तीस. छत्तीस. चाळीस. बेचाळीस! बल्ब विझवले, पंखा सोडला. मित्रांनो, तो पंखा माझ्याच हुकमानं फिरत होता आणि बाहेरची हवा अंड्यांवर फुंकत होता. दिव्याचा आकडा काही उतरेना, म्हणून पंखा थांबेना. मी जितका इमानदारीनं काम करत होतो तितकी अंडी गारठत होती. मी कामात चुकारपणा केला असता तर ती वाचली असती. पण चुकारपणा करायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

बयाबाईंनी कान दिला. “बग की, कसा खुशीत गुनगुनतोय!” आणि निरांजनात पुन्हा तूप घालून त्या देवळात गेल्या. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं. मी त्या पाटाकडे पाहत एकटा राहिलो.

ऊन कलताना तेजल आली. तिच्या हातातली पिशवी तशीच खाली पडली. तिनं दार उघडून एक अंडं उचललं आणि गालाला लावलं. ते गार होतं. मग तिनं ताटातली वायर उचलली, पदरानं टोक पुसलं आणि आत सोडलं. टोकाला लागले अठ्ठावीस. ते अठ्ठावीस मला तिला दाखवावे लागले. इतकं लाजिरवाणं खरं मी कधी बोललो नव्हतो.

थोड्या वेळानं बयाबाई आल्या. ताटात वायरीच्या जागी कुंकवाचा नुसता ओघळ होता. त्या ओघळाकडे त्यांनी पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

“बाजारात गर्दी हुती का?”

“होती की,” तेजल म्हणाली.

बस. एवढंच. सासू देवाचं करत होती, तिला काय बोलायचं, असं सुनेला वाटलं असावं. आणि सून बोलत नाही म्हणजे फार काही बिघडलं नसेल, अशी सासूनं स्वतःची समजूत घातली असावी. रात्रीच्या जेवणाआधी आकाश वाटीत पाणी घालायला वाकला. “ह्या वायरीला लाल काय लागलंय?” “काही नाही,” दोघी एकदम म्हणाल्या. घरात दोन बायका एकदम एकच गोष्ट बोलल्या की पुरुषानं पुढे विचारायचं नसतं. त्यानंही विचारलं नाही.

त्यानंतर त्या घरात सगळे पिकांवर बोलत, गाड्यांवर बोलत, अंड्यांवर कुणी बोलेना. अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की आत जीव आहे का ते दिसतं. तेजल रोज बॅटरी हातात घ्यायची आणि परत खुंटीला अडकवायची. “बघायचं नाय का?” आकाशनं विचारलं. “उगाच हलवायला नको,” ती म्हणाली. पण फिरवताना ती रोजच हलवत होती.

चिमाबाई एकदा येऊन गेली. “तिनातल्या दोन मुंगसानं न्हेल्या,” ती फ्रीजवर हात ठेवून म्हणाली. “आता ह्याच्या पोटात हाय तेवडंच.” बयाबाई चुलीपाशी गेल्या त्या ती जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

आणि मग मला एक गोष्ट कळू लागली. बल्ब पूर्वीइतके लावावे लागेनात. एकदा पेटवून विझवले की आकडा टिकायचा. दुपारी तर तो आपणहून चढायचा आणि मला पंखा सोडावा लागायचा. मित्रांनो, अंड्यात जीव मोठा झाला की तो स्वतःची ऊब देतो. आत कुणीतरी तापत होतं. कुणीतरी होतं! मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिलो. पण सांगू कसं? माझ्या तोंडावर आकडा तोच, साडेसदतीस. त्यांनी दिलेली ऊब आणि मी दिलेली ऊब, आकड्यात वेगळी दिसत नाही.

तेजलनं एवढंच पाहिलं की बल्ब लागत नाहीत. “हा बिघडला,” ती पुटपुटली.

पिल्लं निघायचा दिवस आला. चिमाबाई सकाळीच पिल्लं न्यायला बांबूचं डालं घेऊन आली आणि पडवीच्या कडेला टेकली. कवचाला आतून टोच नाही, चिवचिव नाही. संध्याकाळी ती रिकामं डालं घेऊन डोंगर चढून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. आकाशला सुट्टी होती. त्यानं फ्रीजला कान लावला, मग माझ्याकडे बोट केलं.

“ह्यानंच दगा दिला. भंगारातला माल शेवटी भंगारच.”

तेजलनं मान खाली घातली. “मावशी, मशीन जुनं होतं. बल्बच लागत नव्हते नीट.”

गुलाबवाल्यांच्या शिव्या मी खाल्ल्या, बयाबाईंच्या तर रोज पोटभर खातो. पण ज्या बाईनं मला खरं बोलायला शिकवलं, तिच्या तोंडचं ते खोटं मला लागलं.

“ऱ्हाऊ दे पोरी,” चिमाबाई म्हणाली. तिनं डालं उलटं करून त्यावर हात ठेवला. “माजं नशीब. तुजी काय चूक?”

ते ऐकून तेजल रडायच्या बेताला आली. पण तिनं ते खोटं मागे घेतलं नाही.

“बंद करतो,” आकाश म्हणाला. “आतल्या आत सडतील, वास सुटंल. मागं खड्डा खणून पुरून टाकू.” आणि तो भिंतीवरच्या बटणाकडे निघाला.

त्या वेळी टोकाला अडतीस लागत होते. बल्ब विझलेले होते, पंखा चालू होता. ती ऊब माझी नव्हती. ती त्यांची होती, आतल्यांची. मला बंद केलं की मी विझणार, आणि मग ती अंडी मातीत जाणार, जिवंत. माझ्या सगळ्या आयुष्यातली भीती त्या एका बटणापाशी येऊन उभी राहिली.

मित्रांनो, आमची पूजा करा. पुसा, हळद लावा, कुंकूही लावा, आम्हाला आवडतं. फक्त आमचं टोक कुठे ठेवलं होतं, ते एकमेकांना सांगत जा. यंत्रात बिघाड झाला तर तो उघडून सापडतो. माणसानं गिळलेली गोष्ट कुठल्या स्क्रूड्रायव्हरनं बाहेर काढायची? मला तोंड नाही, नुसता आकडा आहे. तुम्हाला तोंड आहे. ते वेळेवर उघडलं तर आमच्यासारखे मुके नोकर जगतील, आणि आमच्या भरवशावर असलेले जीवही.

आकाशचं बोट बटणाला लागलं.

“हात काढ!”

बयाबाई चुलीपासून उठून उंबऱ्यात आल्या होत्या. हाताला पीठ तसंच. आकाशनं बटणावरचं बोट काढलं.

“बंद करू नगंस. उशिरानं फुटत्याल ती. अजून येक-दोन दिस.”

“आई, दिवस कालच भरले,” आकाश म्हणाला. “उशिरानं कशापायी?”

बयाबाई उंबरा ओलांडून पडवीत आल्या. तेजल झटकन पुढे झाली. “आत्या, जाऊ द्या. तुम्ही आत जा.”

“न्हाई जानार.” त्यांनी सुनेचा हात बाजूला केला आणि त्या चिमाबाईसमोर जमिनीवर बसल्या, भात लावताना दोघी बसायच्या तशा, गुडघ्याला गुडघा लावून. “खुडूक कोंबडी अंड्यांवरनं उठून दिसभर हिंडून आली, की पिल्लू उशिरा फुटतं. तुला बी ठावं हाय, चिमे. ती कोंबडी म्याच उठिवली. खंडेनवमीला ह्याचं शेपूट उपसून म्या दिव्यापाशी ठिवलं. ह्या पोरीनं पायलं न् माज्यासाठी पोटात ठिवलं. डब्यानं न्हाई दगा दिला. अंडी म्या गारठवली, चिमे. म्या.”